थेंबांच्या डायरीतल्या खुणा

माझ्या सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आम्ही वसईच्या ज्या दवाखान्यात गेलो, तिथे एक अभ्यास चालू होता. ऑपरेशननंतर डोळ्यात घालायच्या औषधाने सूज किती उतरते आणि डोळ्यातला दाब वाढतो का, हे दीड महिना बघायचं होतं. भाग घेणाऱ्यांना औषध फुकट. एवढं ऐकल्यावर सासूबाईंनी पुढचं ऐकलं नाही. संमतीपत्राच्या प्रत्येक पानावर त्यांनी ठसठशीत सही केली आणि पर्समध्ये तीन बाटल्या टाकून त्या आमच्याकडे बोळिंजला आल्या. शेवटची तपासणी नीट झाली की सांडोरला आपल्या केळीच्या वाडीत परत, असं ठरलं होतं. वाडी दुसऱ्यावर सोपवून आल्यामुळे त्या दिवस मोजत होत्या.

बाटल्यांबरोबर एक डायरी होती. पहिल्या आठवड्यात दिवसाला सहा थेंब, दुसऱ्यात पाच, असं उतरत सहाव्यात एक. थेंब घातला की चौकोनात खूण करायची. त्या त्या वेळी करायची, मागाहून नाही, असं अभ्यासाचं काम बघणाऱ्या मुलीने मला दोनदा सांगितलं. मी शाळेच्या कार्यालयात आहे. हजेरीपट कसा भरायचा हे मी इतरांना सांगते, त्यामुळे मला थोडा रागच आला.

पहिले चार दिवस मी रजा काढली, थेंब घातले, खुणा केल्या. मग कामावर गेले. त्यानंतर सासूबाई पलंगावर आडव्या होऊन स्वतःच थेंब घालायच्या. संध्याकाळी मी विचारायचे, "घातलं?" त्या म्हणायच्या, "घातलं." रोज तेच विचारून रोज तेच उत्तर येत होतं. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून मी रविवारीच पुढच्या आठवड्याच्या सगळ्या खुणा करून टाकू लागले. पाचाचे चार झाले, चाराचे तीन झाले, हे त्यांना त्याच दिवशी सांगायचे, बहुतेक वेळा कुकर लावताना. त्या "हं" म्हणायच्या.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांनी दाब मोजला. मग पुन्हा मोजला.

"दाब फार वाढलाय," ते म्हणाले. "असाच राहिला तर आतली नस सुकते. त्यातून गेलेली नजर परत येत नाही."

मग त्यांनी डायरी उघडली. "खुणा तर एकदम व्यवस्थित आहेत. या थेंबांनी दाब वाढू शकतो, पण दिवसाला एकाच थेंबावर एवढा राहायला नको. म्हणजे कारण दुसरं काहीतरी आहे." ते तपासण्या लिहू लागले. दाब औषधाने उतरला नाही तर आणखी एका ऑपरेशनचा विचार करावा लागेल, असंही म्हणाले.

अभ्यासाच्या त्या मुलीने बाटल्या परत मागितल्या. उरलेलं औषध त्यांना मोजायचं होतं. सासूबाईंनी तीन बाटल्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. "धुऊन आनल्यात," त्या म्हणाल्या.

"आजी, तिन्ही संपल्या?"

"मग? भरलेल्या परत करायच्या होत्या?"

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. "आजी, सध्या दिवसातून किती वेळा घालता?"

"सहादा."

"डायरीत एकदा आहे."

"ते हिला विचारा. लिहायचं खातं हिचं."

"अहो आई, पण सहादा कशाला?"

"बाटलीवर लिहिलंय, उघडल्यावर महिन्याने टाकून द्या. एकेक थेंबाने महिन्यात संपते का ती? चांगलं औषध टाकायचं कशाला? संपवलं."

"मी तुम्हाला दर रविवारी सांगत होते."

"तू कुकरला सांगत होतीस."

ती मुलगी खाली बघून हसली. डॉक्टर हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते.

"खुणा मी केल्यात," मी म्हणाले. "रविवारी, आठवड्याभराच्या एकदम. पहिल्या आठवड्यानंतरचं काहीही खरं धरू नका."

त्यांनी लिहिलेल्या तपासण्यांवर एक आडवी रेघ मारली आणि बाजूला सही केली. सूज नव्हती, त्यामुळे ते थेंब त्याच दिवशी बंद केले. दाब उतरवायचे वेगळे थेंब दिले, दिवसातून दोनदा. अभ्यासाचा नियम मोडल्याचा एक स्वतंत्र कागद निघाला. कारण काय लिहू, असं मुलीने विचारलं. मी सांगितलं, "सुनेने न बघता खुणा केल्या." तिने यापेक्षा सभ्य काहीतरी लिहिलं.

पुढचे तीन आठवडे सासूबाई सांडोरला गेल्या नाहीत. खुणा त्यांनी स्वतः केल्या, माझ्या एका जुन्या वहीत, वाकड्यातिकड्या फुल्या. एका बुधवारी रात्रीचा चौकोन रिकामा होता. "झोप लागली," त्या म्हणाल्या. मी तो रिकामाच ठेवला. दर आठवड्याला दाब मोजायला गेलो की डॉक्टर ती वही आधी बघायचे आणि मग मला विचारायचे, "या कोणी केल्यात?"

तिसऱ्या आठवड्यात दाब जागेवर आला. नस तपासली, तिला धक्का लागलेला नव्हता. हेही थेंब आता बंद करा, डॉक्टर म्हणाले, आणि घरी जा.

बोळिंजला आमच्या हॉलच्या टोकाला बसून सासूबाई पिशवी भरत होत्या. मी दुसऱ्या टोकाला बेसिनपाशी दाबाच्या थेंबांची बाटली उजेडात धरली आणि झाकण काढलं.

"अर्धी आहे ती," त्या म्हणाल्या.

बरोबर अर्धी होती. मी ती ओतून दिली. सांडोरला पोचेपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.