चौदाव्या मजल्याची शेवटची पायरी

आधीच सांगतो... भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारा माणूस मी. धंद्याने सेंट्रिंग मिस्त्री, म्हणजे काँक्रीट भरायचे फळ्यांचे साचे बांधणारा; टेप दाखवते तेवढंच मानतो. हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचून हसा.

आम्ही धारूरचे. धाकटा भाऊ बाळू आणि मी पुण्यात एका टॉवरचे जिने करत होतो. बाळूचा हात झकास, पण एक खोड – शेवटच्या पायरीत फरशीची जाडी सोडायला विसरायचा. पायरी इंचभर उंच व्हायची. धारूरच्या घरीही त्याने तेच केलं. तिथे ठेच न लागलेला पाहुणा सापडायचा नाही.

पुण्यात चौदाव्या मजल्याचा जिना त्याने भरला, शेवटची पायरी नेहमीसारखी इंचभर उंच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परांचीवरून पडला. जागेवरच गेला. कंपनी म्हणाली, असा माणूस आमच्याकडे कामालाच नव्हता! लेकाचं काम डोळ्यांनी बघायला माय धारूरहून आली, तर वॉचमनने गेटवरूनच परत पाठवली. तो राग अजून गेलेला नाही.

दोन वर्षांनी नाशिकला काम मिळालं. कंपनी वेगळी, टॉवरचं नाव वेगळं, पण डिझाइन? तेच! खिडकी न् खिडकी उचललेली. मी कामाला लागलो.

चौदाव्या मजल्याचा जिना मी स्वतः भरला, तीनदा मोजून. फळ्या काढल्या... शेवटची पायरी इंचभर उंच. बाकी सगळे मजले बरोबर. साइटचे साहेब खवळले. तोडली, पुन्हा भरली, या वेळी साहेबांनीच टेप धरली होती. फळ्या काढल्या – पुन्हा इंचभर!

मी मायला बोलावून घेतलं. म्हटलं, "पुण्याची पायरी न्हाई दाखवता आली, पर ही तशीच हाय. बघून घे."

लिफ्ट नव्हती. थांबत थांबत ती चढली. चौदाव्यावर शेवटच्या पायरीला तिला ठेच लागली. वाकून तिने पायरीवरून हात फिरवला.

"का रं, बाळू हितं बी व्हता का?"

"न्हाई माय. नाशिकला तो कधी आलाच न्हाई."

"मंग ही कुणी केली?"

माय तिथेच बसून पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, तिसऱ्यांदा तोडा. मी हातोडा त्यांच्या पायाशी ठेवला. "तुमी तोडा. मी न्हाई तोडणार, दुसऱ्यालाबी तोडू देणार न्हाई." गँगमधला एकही जण जागचा हलला नाही. शेवटी साहेबांनी पायरी तशीच ठेवून वरून फरशी बसवून घेतली.

असं का झालं, मला आजही माहीत नाही. सिमेंट, फळ्या, टेप... सगळं तपासून झालंय. पुण्याच्या रजिस्टरात माझ्या भावाचं नाव नाही म्हणता ना? नसू द्या. ज्याला तो नव्हताच म्हणायचंय, त्याने नाशिकला यावं, चौदा मजले चढावेत, आणि शेवटच्या पायरीला पाय जरा जपून टाकावा.