साडेतीन गाड्यांचे काका

आमच्या काकांना गाडी आधी ऐकू यायची, मग दिसायची. पंगतीत सांबार वाढताना रस्त्यावर अनोळखी इंजिन घुमलं, की पळी हातात तशीच धरून काका दाराबाहेर. इकडे पाहुणा कोरडा भात घेऊन बसलेला. परत येऊन खजील चेहऱ्यानं सांगायचे, "नव्हें. लॉरी होती."

काकांचा जीव जडला होता सत्तरच्या दशकातल्या विलायती स्पोर्ट्स गाड्यांवर, आणि राहायचे तंजावुरात! कॉलेजात ड्रॉइंग शिकवायचे, जन्मभर सायकल चालवली. सगळं ज्ञान रद्दीच्या दुकानातल्या इंग्रजी मासिकांतलं. रविवारी मोठ्या देवळासमोर काप्पीच्या, म्हणजे कॉफीच्या, दुकानात ठाण मांडायचे, कारण परदेशी प्रवासी तिथंच उतरत. उतरत ते अँबॅसडरमधून, ही गोष्ट वेगळी.

नव्वदीनंतर गावात नव्या गाड्यांची रीघ लागली. माझ्या दादानं चकचकीत गाडी घेतली, पेढे वाटले. काकांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "बरी आहे. पण बनवतांना चार शहाणे नको नको म्हटले असतील, तसली गाडी बघायची रे." दादा आठवडाभर फुगून बसला होता.

जन्मभरात काकांनी अशा चार गाड्या पाहिल्या. घरचे म्हणायचे, साडेतीन. कारण त्यातली एक होती तीन चाकांची. तरुणपणी देवळाजवळ दिसलेली, नारिंगी, पुढं निमुळती, दार नाहीच. छपरासकट सगळं झाकण पुढं उघडायचं आणि माणूस आत उतरायचा. पुढं एक चाक, मागं दोन. तंजावुरात असं वर्णन केल्यावर काय होणार? काकांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, तिला सगळे अक्काच म्हणत, ती पहिल्यांदा ऐकून म्हणाली होती, "अय्यो तंबी, तूं ऑटो पाहिलास!" तंबी म्हणजे धाकटा भाऊ. तेव्हापासून दर पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, जेवणं झाली की अक्का ही गोष्ट साभिनय सांगायची आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसायची. काका तेवढे कानशिलापर्यंत लाल व्हायचे. जगानं हसावं, त्यांची हरकत नव्हती. अक्कानं एकदा खरं मानावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मी जवळच्या पापनाशमला बँकेत होते. एक गिरणीवाले बोलता बोलता म्हणाले, डॉक्टर भावानं इंग्लंडहून एक विचित्र गाडी आणली होती, आता तिच्यावर मिरच्या वाळवतो. तीन चाकं, हे ऐकताच मी हातातलं काम टाकलं. पुढच्या रविवारी काकांना बसनं घेऊन गेले.

पोत्यांमागं ती उभी होती. नारिंगी! काकांनी आधी बोटानं टकटक केलं. "फायबर," असं हळूच म्हणाले. मग खिशातल्या रुमालानं मिरच्यांची धूळ पुसली, झाकण उघडवलं आणि साठीच्या गुडघ्यांनिशी आत जाऊन बसले. आत बसलेली कोंबडी ओरडत बाहेर पळाली. गिरणीवाले म्हणाले, भाऊ हीच गाडी घेऊन तंजावुरच्या मोठ्या देवळात जायचे. काकांना बाहेर काढायला आम्हां दोघांना ओढावं लागलं.

येताना बसमध्ये मी उड्या मारत होते. "काका, पोंगलला अक्काला इथं आणूया!"

"नको गं," काका म्हणाले. "भावोजी गेल्यापासून अक्का वर्षांतून एकदांच तशी हसत्ये. तें कशाला मोडायचं?"

मी चिडले, भांडले. इतकी वर्षं वाट पाहून हातात आलेलं कुणी असं सोडतं का? पण कुणाला सांगायचं नाही, अशी काकांनी मला शपथ घातली होती. त्या पोंगललाही अक्कानं गोष्ट सांगितली आणि काका लाल झाले. नाटक इतकं छान करतात, हे मला तेव्हा कळलं.

काही वर्षांनी काका गेले. तेराव्याच्या जेवणानंतर, वातावरण हलकं करावं म्हणून दादा म्हणाला, "तिकडं पण ऑटो बघत बसले असतील." दोघेतिघे हसले आणि सवयीनं अक्काकडं पाहू लागले.

अक्कानं पेला खाली ठेवला. "तें ऑटो नव्हें," ती म्हणाली.

मी चमकले. काकांनी शेवटी सांगितलं की काय? "अक्का, तूं पाहिलीस ती गाडी?"

"मी कुठं पाहायला?" अक्का म्हणाली. "माझ्या तंबीनं पाहिली की."