गोलच्या उजव्या खांबाजवळचा खड्डा

आधी चाचांचं सांगतो, मग बाकीचं. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. दापोलीकडचे, खाडीकाठचे, मुसलमान, घरची होडी. वय साठीला टेकलेलं आणि त्यातली निम्मी वर्षं कुवेतमध्ये गेलेली. इथल्या एका रिंकवर, म्हणजे स्केटिंगच्या बर्फाच्या मैदानावर, ते बर्फाचं मशीन चालवायचे. मी संगमेश्वरच्या बाजूचा. आठवीत शाळा सोडली, एसीच्या डक्टची कामं शिकलो आणि तेवढ्या भांडवलावर इकडे आलो. सहा महिन्यांत कंपनीनं काम नाही म्हणून सांगितलं. खैतान भागातल्या आमच्या खोलीत मी खाटेवर बसून भिंतीकडे बघत असायचो. आमच्या खोलीवर दर शुक्रवारी माशाचं कालवण व्हायचं, त्याला चाचा यायचे. तिथंच त्यांनी मला विचारलं, "थंडी सोसेल का रे तुला?"

दुसऱ्या आठवड्यात ते मला रिंकच्या मुदीरसमोर घेऊन गेले. मुदीर म्हणजे मॅनेजर, इथं सगळे तसंच म्हणतात. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, याला काय येतं? चाचा म्हणाले, "येईल. जबाबदारी माझी."

माझ्यासाठी असं बोललेलं माणूस त्याआधी मला भेटलेलं नव्हतं. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

बर्फाचं काम मला त्यांनीच शिकवलं. खेळून खेळून बर्फावर ओरखडे पडतात. मशीन वरचा थर खरवडून घेतं आणि मागून गरम पाण्याचा पातळ हात फिरवत जातं. गरम का, तर थंड पाणी नुसतं वर बसतं, गरम पाणी जुन्या बर्फाला धरतं. पण स्केटच्या पात्यानं पडलेले खोल खड्डे मशीनला भरता येत नाहीत. असे खड्डे सगळ्यात जास्त गोलच्या तोंडाशी पडतात, कारण तिथं मुलं थांबतात, वळतात, एकमेकांना ढकलतात. ते भरायचं काम माझं. बादलीत बर्फाचा ओला लगदा घ्यायचा, गुडघ्यावर बसायचं, लगदा खड्ड्यात दाबायचा, तळहातानं सपाट करायचा. मग मशीन त्यावरून पाणी फिरवतं आणि दोन्ही एक होतं.

आमची एक रीत होती. चाचा मशीन घेऊन गोलपाशी सगळ्यात शेवटी यायचे आणि लांबूनच माझ्याकडे बघायचे. माझे खड्डे भरून झाले की मी हात वर करायचा. हात वर झाल्याशिवाय ते तिकडे मशीन वळवायचे नाहीत, आणि एकदा हात वर झाला की खाली वाकून तपासायचेही नाहीत. "तुझा हात म्हणजे तुझी जबान," असं म्हणायचे. दुसरा नियम एवढाच, की बादली हातात असताना कुणाशी बोलायचं नाही.

त्या वर्षी आमच्या रिंकवर आसपासच्या देशांतल्या ज्युनियर आइस हॉकी संघांची स्पर्धा आली. कुवेतचा संघ सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचा. रोज सकाळी सराव असायचा, म्हणून मी त्यांना ओळखायचो, पाठीवरच्या नंबरांनी. चौदा नंबरचा बचावाला असायचा. लांब हातापायांचा, अबोल. सराव संपला की माझी बादली दारापर्यंत ढकलत आणून देणारा तो एकटाच.

प्रेक्षक फार नसायचे, पण येणारे कट्टर. गोलच्या मागच्या काचेला लागून दोघं जण ठरलेले. एक म्हातारे कुवेती बाबा, अंगात पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, हातात जपमाळ, तरुणपणी मुंबईला येऊन-जाऊन असल्यानं हिंदी चांगलं. दुसरे जाब्रियातल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करणारे आपले पुण्याचे साहेब. त्यांची मुलगी आमच्याकडे स्केटिंग शिकायची, त्यातून त्यांना हॉकीचं वेड लागलेलं. दोघं पहिल्या मिनिटापासून पोरांची चिरफाड करायचे.

"नंबर नौ खेलने नहीं आया, शादी में आया है," बाबा म्हणायचे. "देखो कैसे हाथ हिलाता है सबको!"

"आणि गोली बघा," साहेब माझ्याकडे वळून मराठीत म्हणायचे. "चहाला बोलावल्यासारखा पुढे येतो. अरे, मागे उभा राहा ना बाबा!"

एक दिवस बाबांनी काचेवर अंगठीनं टकटक केली. "ए, तुम रोज देखता है इनको. तुम बोलो. कौन पक्का, कौन कच्चा?"

आता हे कसं सांगू? मला कुणी मत विचारत नाही. घरी विचारत नसत, शाळेत मास्तर विचारायचे ते उठवून उभं करण्यासाठी. आणि इथं एक म्हातारा कुवेती आणि हॉस्पिटलातले साहेब माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. मी बोललो. सात नंबर पक्का, म्हटलं. गोली घाबरट नाही, त्याला उजेडाचा त्रास होतो. हे खरंच होतं. मग अजून काहीतरी बोलावंसं वाटलं. म्हटलं, चौदाचा डावा पाय कच्चा आहे, सरावात घसरतो.

तो सरावात दोनदा घसरला होता. सगळेच घसरतात.

"वा!" साहेब म्हणाले. "ह्याला म्हणतात आतली बातमी."

त्यानंतर प्रत्येक मध्यंतरात काचेवर टकटक व्हायला लागली. बाबा मला 'मुदर्रिब' म्हणायला लागले, म्हणजे कोच. मी हसायचो, पण मनातून फुगायचो. खोलीवर गेल्यावरही सांगायचो, आज मी त्यांना काय सांगितलं. चाचा जेवता जेवता एकदाच म्हणाले, "तुझं लक्ष बर्फात असू दे रे. बोलणाऱ्यांना तिकीट आहे, आपल्याला पगार."

तिसरा सामना दुपारचा होता. दोन्ही संघांचे दोन-दोन गोल झालेले, शेवटचा भाग उरलेला. मध्यंतरात मी आमच्या गोलसमोर बादली घेऊन बसलो. चार खड्डे मोठे होते. तीन भरले आणि काचेवर टकटक झाली.

"मुदर्रिब! जीतेगा या नहीं?"

बादली हातात होती. मी उठून काचेपाशी गेलो. साहेब विचारत होते, शेवटी कुणाला बाहेर ठेवावं. मी सात आणि नऊची जोडी कशी लावावी ते सांगत होतो, हातवारे करून. मागून मशीनचा आवाज जवळ आला. चाचा वळणावर थांबले होते, माझ्याकडे बघत.

चौथा खड्डा उजव्या खांबाजवळ होता. तो मला दिसत होता. त्याला एक मिनिट लागलं असतं, पण दोघांसमोर बोलणं अर्धं टाकून गुडघ्यावर बसायला मला नको वाटलं. पाणी जाईल त्यात, गोठेल, असं मनाशी म्हटलं आणि हात वर केला.

चाचांनी मशीन आणलं, पाणी फिरवलं, निघून गेले. वरून सगळं आरशासारखं झालं. खाली पोकळ राहिलं.

सामना संपायला थोडा वेळ असताना समोरच्या संघाचा एक पोरगा पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, घेऊन आला. चौदा त्याच्या पुढ्यात, मागे मागे स्केट करत, बरोबर अंतर राखून. अगदी व्यवस्थित चाललं होतं. खांबाजवळ आल्यावर त्याचा डावा पाय जागीच अडकला, तो पाठीवर पडला, आणि मोकळा गोल झाला.

"देखा! बायाँ पैर!" बाबांनी कपाळावर हात मारला. "मुदर्रिबने पहले ही बोला था!"

साहेब माझ्याकडे बघून मान डोलवत होते, कौतुकानं.

आम्ही हरलो. मुलं रांगेनं बाहेर गेली. चौदा नंबरचा सगळ्यात शेवटी निघाला. खांबापाशी थांबून त्यानं स्केटच्या टोकानं बर्फ खरवडून बघितला, मग गेला. पण पंचानंही ते बघितलं होतं. त्यानं मुदीरला बर्फावर बोलावलं, आणि मुदीरनं आम्हाला.

खड्ड्यावरचं पातळ कवच फुटलं होतं. आत दोन बोटं जातील एवढी फट.

"हे कुणी भरलं?" मुदीरनं विचारलं.

माझा अकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, त्याच महिन्यात नव्यानं व्हायचा होता. कागद मुदीरच्या टेबलावर होते. तो सही करेल तर मी राहणार, नाही तर डक्टवाल्यांनी काढलं तेव्हासारखाच पुन्हा रस्त्यावर.

चाचा पुढे झाले. मोडक्या अरबीत म्हणाले, "मी घाई केली. याचं काम चालू होतं. यानं हात वर केला नव्हता, मी तसंच मशीन नेलं."

मी तोंड उघडलं. चाचांनी माझ्याकडे न बघता, मराठीत, दाताखालून म्हटलं, "गप ऱ्हा."

आणि मी गप राहिलो. त्यांनी सांगितलं म्हणून राहिलो, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. ते खोटं आहे. त्यांनी सांगितलं नसतं तरी माझ्या तोंडून काय निघालं असतं, मला माहीत नाही.

चाचांकडून मशीन काढून घेतलं. त्यांना बूट भाड्यानं देण्याच्या काउंटरवर बसवलं. पोरांच्या पायांची मापं विचारायची, ओले बूट फडक्यानं पुसायचे, कप्प्यात ठेवायचे. मशीनवर दुसरा माणूस आला. त्याला मी हात वर केलेला दिसायचाही नाही, त्याला वाटलं की तो यायचा.

पुढच्या सामन्याला मी स्वतःहून काचेपाशी गेलो. बादली बाहेर ठेवून. दोघांना सांगितलं, परवा चौदा नंबरचा पडला ती चूक माझी. खड्डा मी भरला नव्हता. त्याच्या पायाला काही झालेलं नाही, आधीही नव्हतं.

बाबा हसले. "तुम्हारा दिल नरम है. लड़के को बचाता है."

"नाही हो, खरंच माझी चूक."

"अरे, कशाला सांभाळून घेतोस त्याला?" साहेब म्हणाले. "तूच तर म्हणालास पाय कच्चा. आता टीका झाली म्हणून शब्द फिरवायचा नाही. तुझी नजर चांगली आहे, तिच्यावर विश्वास ठेव."

मी जे उगाच बोललो होतो ते त्यांनी चटकन घेतलं होतं, आणि खरं सांगितलं तर ते माझ्या चांगुलपणात जमा केलं. त्या सामन्यात चौदाकडे पक आला की मागून आवाज यायचा, "पैर! पैर!" आजूबाजूचेही ओरडायला लागले. तो खाली बघायचा, स्वतःच्या पायाकडे. आधी कधी बघत नसे.

स्पर्धा संपल्यावर सरावाला आला तेव्हा मी त्याला गाठलं. माझी अरबी ती केवढी. बर्फाकडे बोट दाखवलं, स्वतःच्या छातीला हात लावला, म्हटलं, मी, मी. त्याला कळलं असावं. मग "आदी" म्हणाला, म्हणजे चालायचंच, आणि बादली दारापर्यंत ढकलून दिली. त्या दिवशी मी बर्फ भरता भरता रडलो. मोजे ओले झालेत असं सांगून लवकर निघालो.

माझा अकामा झाला. तो कागद हातात आला त्या दिवशी मी काउंटरवर चाचांकडे गेलो आणि म्हटलं, आता मुदीरला सांगतो. आता तरी सांगू द्या.

ते एका लहान मुलीच्या बुटाची नाडी सोडवत होते. "आणि मग?" त्यांनी विचारलं. "मला मशीन परत देतील? तुला काढतील आणि मी खोटा ठरेन. दोन माणसं जातील एका खड्ड्यात. बस गप."

"तुम्हाला राग नाही आला माझा?"

"आला ना," ते म्हणाले. "तू हात वर केलास त्याचा आला. खड्ड्याचा नाही. खड्डा माझ्याकडूनही राहिला असता."

हे वाक्य मी अजून अंगावर घेऊन फिरतो.

चार-पाच महिन्यांनी त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, आणि पुढचं मिळालं नाही. मुदीर म्हणाला, काउंटरला तरुण माणूस बरा. गावी परत जायच्या आठवड्यात ते खोलीवर जेवायला आले, तेव्हा हसत हसत सांगत होते की त्यांच्या गावचा कुणीतरी इथंच मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत कामाला आहे, त्यानं फोन करून घरी सगळं कळवलंय. चाचांच्या हातून चूक झाली, मशीन काढून घेतलं, वय झालं आता. मुलानं फोनवर म्हटलं, अब्बा, आता इथंही तुम्ही होडीवर जायचं नाही हां, तुमचं लक्ष राहत नाही.

सगळे हसले. चाचाही हसले, पण ताटातला भात त्यांनी तसाच ठेवला. ज्या माणसाचं लक्ष कधी ढळलं नाही, त्याला घरची माणसं आता खाडीत होडी घालू देत नाहीत. माझ्या एका हातामुळे.

मी अजून त्याच रिंकवर आहे. फोन करतो. ते माझी चौकशी करतात, बर्फाची करतात, स्वतःचं सांगत नाहीत. होडीचं विचारलं की म्हणतात, ती काय, बांधून ठेवली आहे.

चाचा, हे तुम्ही वाचणार नाही, कुणीतरी वाचून दाखवेल. मला सुट्टी मिळेल तेव्हा मी आधी तुमच्या घरी येणार आहे. तुमच्या मुलासमोर, सुनेसमोर, शेजारपाजारचे असतील तर त्यांच्याही समोर उभा राहून सांगणार आहे की खड्डा माझा होता आणि हात मी वर केला होता. तुम्ही गप ऱ्हा म्हणालात तरी या वेळी ऐकणार नाही. तुमची होडी तुम्हाला परत मिळाली की मगच मी संगमेश्वरची गाडी धरीन. कधी ते आज सांगता येत नाही. पण येईन.