हुरड्यातलं ऊन

"तुमच्या हृदयाच्या दोन कप्प्यांमधली भिंत जाड झाली आहे," डॉक्टर मॅडम पडद्याकडे बघत म्हणाल्या.

मी छातीवर थंडगार जेल घेऊन आडवा. म्हणालो, "मॅडम, नागपूरच्या उन्हाळ्यात भिंती जाडच पाहिजेत." त्या हसल्या नाहीत. उभ्या आयुष्यात माझ्या विनोदाला न हसलेली ती दुसरी बाई. पहिली माझी बायको.

आजाराचं नाव हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी. आजारापेक्षा नाव पाठ करताना जास्त दम लागला. म्हणजे हृदयाचा स्नायू विनाकारण जाड होतो आणि रक्त बाहेर पडायची वाट अरुंद होते. जोर केला की धाप लागते, छाती भरून येते, चक्कर येते. कधी ठोका असा बिघडतो की माणूस जागच्या जागी जातो. बहुतेकदा रक्तातून येतो, आईबापाकडून लेकराकडे.

सुरुवात झाली भाच्याच्या वरातीत. मे महिना, नंदनवन वस्तीतला डांबरी रस्ता चपलेला चिकटत होता, आणि मी असा नाचत होतो की घोडी नवरदेवाला विसरून माझ्याकडेच बघत होती. मग बँडचा आवाज दूर दूर गेला आणि मी आडवा.

"ऊन लागलं गा याले!" चारी बाजूंनी एकच निदान. कैरीचं पन्हं आलं, तळपायाला कांदा चोळला. वास्तविक खिशात कांदा होताच. उन्हाळ्यात कांद्याशिवाय आम्ही घराबाहेर पडत नाही. तरी पडलो, म्हणजे कांदाच शिळा असावा, असं सर्वानुमते ठरलं.

पुढे भर पावसाळ्यात दुकानाचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. माझी लेक जुही कॉलेजकडून धावते. डोकंही तसंच धावतं. ती म्हणाली, "बाबा, आता कोणतं ऊन लागून राहिलं तुम्हाले?" आणि ओढतच दवाखान्यात घेऊन गेली.

मॅडमनी मला उकिडवं बसवलं, उभं केलं, प्रत्येक वेळी छाती ऐकली. उभा राहिलो की हृदयातला एक सूंऽऽ आवाज वाढायचा. त्याला मर्मर म्हणतात. मग ईसीजी, म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. तिथेच ती भिंत दिसली.

"घरात कोणी कमी वयात अचानक गेलं होतं का?"

"बाबा गेले. चाळिशीही नव्हती. पण ते उन्हानं." आणि मी माझी गाजलेली गोष्ट सुरू केली. त्या दिवशी आमच्या गावी, पारशिवनीत, असं ऊन, असं ऊन, की विहिरीतल्या मासोळ्या उकडून वर आल्या. नुसतं मीठ लावायचं बाकी होतं. बाबा शर्यतीत धावले, पहिले आले आणि...

"महिना कोणता?" मॅडमनी मध्येच विचारलं.

एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

"विचारून सांगा," त्या म्हणाल्या. "उन्हाने गेले असतील तर वेगळं. नसतील, तर त्यांनाही हाच आजार असणार, आणि तुमच्या छातीत एक यंत्र बसवावं लागेल. आणि मुलीचा इको होईपर्यंत तिचं धावणं बंद."

जुही माझ्या शेजारीच होती. तिनं पायातल्या बुटांकडे पाहिलं.

पारशिवनीच्या आत्याला फोन लावला. बाबांची मोठी बहीण. ऐकू कमी येतं, आठवतं सगळं.

"आत्या, बाबा गेले तवा महिना कोणता होता वं?"

"काहून गा? हुरडा होता ना तवा! थंडीनं दात वाजून राहिले होते."

"आन् ऊन?"

"कायचं ऊन? मासोळ्या तू उकडल्या. तुह्या बापानं घोंगडी काढून तुह्या अंगावर टाकली, पोरांसंगं वावराच्या धुऱ्यानं विहिरीपावतर धावला. पहिला आला, हासला, 'जरा बसतो' म्हनला. बसला तो बसलाच. त्याले आधीबी चढावर धाप लागे. सांगे कोनाले?"

यंत्र बसलं. त्याचं नाव आयसीडी. ठोका भलतीकडे गेला की झटका देऊन जाग्यावर आणतं. मी सांगतो, माझ्या छातीत मौद्याचं वीजकेंद्र आहे. वरातीत आता नुसत्या टाळ्या वाजवतो. घोडी हिरमुसते.

जुहीचा इको झाला त्या दिवशी बाहेरच्या बाकावर मी एकही विनोद केला नाही. बायको घाबरली ती त्यानंच. दार उघडलं. भिंत ठीक होती. अशी तपासणी पुढेही अधूनमधून करावी लागेल, पण सध्या धावायला हरकत नाही. जुही बुटाची नाडी बांधायला खाली वाकली आणि बराच वेळ वर उठलीच नाही. मीही दुसरीकडे बघत राहिलो.

तुमच्याही घरात अशी एखादी गोष्ट असेल: ऊन लागलं, नजर लागली, सावजी रस्सा बाधला. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून घ्या, महिना कोणता होता.

परवा मॅडमनी विचारलं, तुम्ही तर तिथेच होतात, मग थंडी कशी विसरलात? मी आठ वर्षांचा होतो. बाबा धावत लांब लांब जात होते आणि मी हुरड्याच्या आगटीजवळ, त्यांच्या अंगाची ऊब असलेल्या घोंगडीत गुरफटून बसलो होतो. थंडी मला लागलीच नव्हती.