आधी चित्र वाचणाऱ्या इंदूबाई

इंदूबाई पुस्तक उघडत, तेव्हा पहिल्यांदा त्यातले शब्द झाकून घेत. डावा तळहात मजकुरावर ठेवायचा, उजव्या हाताचे बोट चित्रावरून सावकाश फिरवायचे आणि चित्र पाहून झाले की मगच हात उचलून वाचायचे, असा त्यांचा क्रम होता. रिठदच्या आमच्या वाचनालयात मी त्यांना प्रथम पाहिले ते असे. मी तेव्हा नुकताच शाळेतून निवृत्त होऊन वाचनालयाचे काम पाहू लागलो होतो. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाला शब्दांवर ठेवलेला हात पाहवत नाही. मी जवळ जाऊन म्हणालो, "बाई, अक्षरे अडत असतील तर मी वाचून दाखवतो."

त्यांनी हात तसाच ठेवून वर पाहिले. "अक्षरं येतात जी मले. पण आधी चित्राले बोलू द्या. हे मंधात बोलणारे मंग पाहू."

गावाबाहेर ओढ्याच्या काठाला त्यांचा भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मेथी, कांदे आणि बांधाकडेला करडईची एक ओळ. सकाळी त्या भाजी घेऊन रिसोडच्या बाजारात बसत आणि दुपारी परतताना तासभर वाचनालयात येत. लहानपणी त्या शाळेत गेल्या नव्हत्या. मुलगा शिकत असताना घरी चित्रकथा आणत असे. तो शाळेत गेला की त्या ती पुस्तके चुलीपाशी उघडून बसत. अशी कित्येक वर्षे त्यांनी अक्षरांवाचून वाचन केले. पुढे चाळिशीत प्रौढांच्या वर्गात अक्षरे शिकल्या आणि सर्वांत आधी त्याच जुन्या पुस्तकांकडे वळल्या.

"लय वाट पाह्यली होती," त्या मला एकदा म्हणाल्या. "वाटे, चित्रात एवढं हाय तं शब्दात किती असन. वाचलं तं काय, 'सोनबा धावला.' अजी, मले दिसून राह्यलं ना तो धावला ते."

सोनबा वाटाड्या हा त्या चित्रकथांचा नायक. रानावनातून वाटसरूंना वाट दाखवणारा हा साधा माणूस आमच्या भागात घराघरांत ठाऊक आहे, आणि त्याच्या कथा लिहिणारे लेखक आमच्याच जिल्ह्यातले. शाळांच्या भिंतींवर त्यांची छायाचित्रे आहेत, भाषणांत त्यांचे दाखले दिले जातात. मीही वर्गात दिले आहेत. अशा लेखकाविषयी इंदूबाईंचे मत होते की, सोनबाला त्यांनी घडवलेच नाही. घडवले ते चित्रकाराने. हे मत त्या कुणाच्याही तोंडावर सांगत आणि ऐकणारा हसत असे.

मी हसलो नाही, परंतु मानलेही नाही. तेव्हा त्यांनी मला एक पान काढून दिले. सोनबाच्या मागे घोडेस्वार लागले आहेत आणि तो एका पिवळ्या शेतात शिरतो, हा प्रसंग मी अनेकदा वाचला होता. मजकूर मला पाठ होता : 'गव्हाच्या सोनेरी शेतातून सोनबा वाऱ्यासारखा धावला. इतक्यात अंधार पडला आणि शत्रूला माघार घ्यावी लागली.'

"आता शब्द झाका," त्या म्हणाल्या. "सांगा, शेत कायचं हाय?"

"गव्हाचे."

"मले नका सांगू तुमाले काय पाठ हाय ते. पाहून सांगा."

मी भिंग आणले. पानांच्या कडांना बारीक दाते काढलेले होते. शेंड्यांवर ओंब्या नव्हत्या, काटेरी बोंडे होती. शेतात शिरण्यापूर्वीच्या छोट्या चित्रात सोनबा खाली बसून डोक्याचा शेला फाडत होता आणि पुढच्या चित्रात त्याच्या दोन्ही पायांना घोट्यापासून गुडघ्यापर्यंत त्या शेल्याच्या पट्ट्या होत्या.

"करडी हाय जी," इंदूबाई म्हणाल्या. "हे पीक सोंगाले जातानी आमी हातापायाले फडके गुंडाळतो, नाई तं रगत निघते. हा गडी गुंडाळून शिरला. घोड्याले कोण गुंडाळीन? घोडे थांबले. पाहा, पुढचा घोडा मान फिरवून राह्यला. अंधार कुठी पडला? घोड्याची सावली पायापाशीच हाय, भर दुपार हाय. लिवणाऱ्यानं सोनबाले नशीबवान केलं. काढणाऱ्यानं हुशार केलं. मंग मोठा कोण?"

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या मळ्यात जाऊन करडईच्या रोपाशी पान ताडून पाहिले. शंकेला जागा नव्हती. जुन्या प्रतीच्या आतल्या बाजूला, किमतीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत चित्रकाराचे नाव होते : गोविंद आत्माराम खिराडे. लेखकाचे नाव मी या लेखात मुद्दाम देत नाही. ते सर्वांना माहीत आहे.

पुढे सोनबावर चित्रपट निघाला. जिल्ह्यात मोठा उत्साह होता. वाचनालयाचे आम्ही काही सभासद मिळून वाशिमला जाऊन तो पाहून आलो. पडद्यावर सोनबा मोहरीच्या शेतातून संथ गतीने धावला आणि मग वळून चार स्वारांना त्याने लोळवले. प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवल्या. माझी पत्नी म्हणाली, शेत फार देखणे होते. परतीच्या बसमध्ये इंदूबाई खिडकीतून शेते पाहत होत्या.

"आवडला नाही का?" मी विचारले.

"आपल्या इकडं मव्हरी कोण पेरते जी?" त्या म्हणाल्या. "ते जाऊ द्या. मायचं पान आठवते तुमाले?"

ते पान मला आठवत होते. स्वारांपासून निसटलेला सोनबा घरी पोचतो आणि आई गेलेली असते. पुस्तकात त्या पानावर एकही शब्द नाही. दारात खूप चपला, विझलेली चूल, उंबऱ्याशी उभा सोनबा. चित्रपटात तिथे एक लांब गाणे होते आणि त्यानंतर शेजाऱ्याचे भाषण.

"सिनेमात माय मेली हे सांगतलं," इंदूबाई म्हणाल्या. "पुस्तकात मले समजलं."

चित्रकथा आणि चित्रपट यांतील फरकावर मी पुष्कळ वाचले आहे. याहून नेमके वाक्य मला आढळलेले नाही.

चित्रपटाच्या यशानंतर लेखकांचा रिसोडला सत्कार ठरला. सोनबाच्या सर्व कथांची नवी आवृत्तीही त्या दिवशी निघणार होती. तिचे मुखपृष्ठ आणि आतली पाने आमच्याकडे आधी आली. मुखपृष्ठावर चित्रपटातला नट होता, लेखकांचे नाव ठळक होते आणि खिराड्यांचे नाव कुठेच नव्हते. इंदूबाईंनी ती पाने दोनदा उलटसुलट केली.

"गुर्जी, माणसाचं नाव खाल्लं यायनं."

सत्काराच्या स्मरणिकेचे संपादन माझ्याकडे होते, आणि सामान्य वाचकांच्या वतीने इंदूबाईंनी चार शब्द बोलावेत, असेही सत्कार समितीने ठरवले होते. भाजी विकणारी बाई सोनबा वाचते, याचे त्यांना कौतुक होते. इंदूबाईंनी मला आपला मजकूर सांगितला व मी तो स्मरणिकेत छापण्यासाठी लिहून घेतला. पाच वाक्ये होती. चारांत लेखकांचे आभार होते. पाचवे असे : 'हे चित्रं गोविंद आत्माराम खिराडे यायनं काढले, त्यायले मी कधी पाह्यलं नाई, पण मी वाचाले त्यायच्याच हातानं शिकली.'

"हे एक छापा," त्या म्हणाल्या. "मले दुसरं काही नाई पायजे. त्या माणसाचं नाव एकदा लोकाइसमोर घेतलं गेलं पायजे."

मी छापतो म्हणालो. समितीच्या अध्यक्षांनी मुद्रित तपासताना त्या वाक्याखाली रेघ ओढली. "गुरुजी, सत्काराच्या दिवशी कायले वाद? नव्या पुस्तकात नाव नाई अन् आपल्या स्मरणिकेत हाय, म्हणजे पाहुण्याले टोमणाच झाला."

मी ते वाक्य काढले. स्थलाभाव, औचित्य, संपादकाचा अधिकार अशी कारणे मी स्वतःला दिली. ती कारणे मी विद्यार्थ्यांकडून ऐकून घेतली नसती. इंदूबाईंना मी आधी सांगितलेही नाही.

सभागृह भरलेले होते. इंदूबाई नवे लुगडे नेसून आल्या होत्या. स्मरणिका हातात धरून, ओळीखाली बोट ठेवून त्यांनी चार वाक्ये स्पष्ट वाचली. मग बोट कागदाच्या कोऱ्या भागावर थांबले. त्यांनी पान उलटून पाहिले. मी पहिल्या रांगेत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि स्मरणिका मिटली.

"शेवटची ओळ छापाची राहून गेली," त्या म्हणाल्या. "राहते कधी कधी. मी तोंडानं सांगते. पण आधी सायबाले एक इचारू का? ते शेत गव्हाचं नाई, करडीचं हाय. तुमी गहू काहून लिवलं?"

लोक हसले. लेखकही प्रसन्नपणे हसले. ते सज्जन गृहस्थ आहेत. "बाई, गहू काय आणि करडई काय," ते म्हणाले, "सोनबा निसटला, हे महत्त्वाचे."

टाळ्या पडल्या.

"निसटला तं खरा," इंदूबाई शांतपणे म्हणाल्या. "पण घोडे काहून थांबले?"

लेखकांचा चेहरा क्षणभर बदलला. मला वाटते, हा प्रश्न त्यांच्याही मनात कधी आला नव्हता. पण अध्यक्ष उठले होते, त्यांनी हसत हसत माइक आपल्याकडे ओढला आणि पुढच्या वक्त्यांना बोलावले. इंदूबाईंनी खिराड्यांचे नाव घेतले; माझ्या रांगेला ते ऐकू आले. मागे गेले नाही. त्या वेळी उठून 'थांबा, बाईंचे बोलणे पूर्ण होऊ द्या' एवढे म्हणणे माझे काम होते. मी बसून राहिलो.

पुढे कितीतरी दिवस बाजारात त्यांची चेष्टा चालली. "इंदू, हे मेथी हाय का गहू?" शेजारच्या दुकानातल्या बाया विचारत. "डोयानं पाह्य अन् सांग," त्या जुडी पुढे करून म्हणत. चेष्टेने त्यांचे काही बिघडले नाही. वाचनालयात येणे मात्र त्यांनी बंद केले, आणि ते कुणामुळे, हे मला ठाऊक होते.

मी मळ्यात गेलो. त्या कांदे निंदत होत्या. मी म्हणालो, "इंदूबाई, ती ओळ राहून गेली नव्हती. मी काढली."

"मालूम हाय."

"मग सभेत तसे का म्हणालात?"

"तुमी शिकवणारे. पोरंसोरं बसले होते समोर तुमच्या शाळेचे." त्यांनी हातातले गवत बाजूला टाकले. "त्या सायबाले दिसलंच नाई, त्यायचा कायले राग? तुमाले तं मी दाखवलं होतं. भिंग घेऊन पाह्यलं तुमी."

मी क्षमा मागितली. त्या पुन्हा निंदू लागल्या. मी निघालो तेव्हा त्यांनी करडईच्या कोवळ्या पाल्याची जुडी माझ्या हातात दिली, घरी भाजी करायला. ती क्षमा होती की केवळ रीत, हे मी अद्याप ठरवू शकलेलो नाही.

दोन वर्षांनी मधुमेहाने त्यांची दृष्टी गेली. बाजार सुटला. त्यांच्या मुलाने मला निरोप दिला की, आई सोनबाची पुस्तके नुसती मांडीवर घेऊन बसते. मी दर गुरुवारी त्यांच्याकडे जाऊ लागलो. पहिल्या दिवशी मी मजकूर वाचायला सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला.

"ते नोको. चित्र सांगा."

चित्र सांगणे किती अवघड आहे, हे मला त्या वयात कळले. आईच्या पानापाशी आलो आणि मी म्हणालो, "सोनबा दुःखी होऊन दारात उभा आहे."

"दुःखी काढता नाई येत गुर्जी. काय काढलं ते सांगा."

मी पुन्हा पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणालो, "त्याच्या एका पायाची पट्टी सोडलेली आहे. दुसऱ्या पायाची तशीच आहे. शेल्याचे टोक अजून हातात आहे."

इंदूबाई ताठ बसल्या. "म्हंजे सोडाले बसला होता, अन् चपला दिसल्या."

"हो."

"मले नव्हतं दिसलं हे," त्या म्हणाल्या. "इतके साल पाह्यलं, तरी." 

प्रत्येक गुरुवारी पुस्तक मिटले की त्या विचारत, "कोणं काढलं?" उत्तर त्यांना अर्थातच माहीत होते. मी नाव सांगे. घाईने पुटपुटलो तर त्या म्हणत, "मोठ्यानं. बाहेर जाऊ द्या." अंगणात बसलेल्या शेजारणींनाही ते नाव पाठ झाले होते.

गेल्या हिवाळ्यात त्या खाटेला खिळल्या. शेवटच्या गुरुवारी मी गेलो, तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते आणि श्वास मोठ्या अंतराने येत होता. मुलगा उशाशी बसला होता, दारात गावातली माणसे जमली होती. मी नेहमीप्रमाणे पुस्तक उघडले आणि एक पान सावकाश, जे काढले आहे तेवढेच, सांगितले. पुस्तक मिटून थांबलो. त्यांनी काही विचारले नाही.

मी उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "गोविंद आत्माराम खिराडे."