हळ्ळीखेडचं जहाज

शिडाच्या जहाजाला जितक्या दोऱ्या असतात ना, तितके किस्से! एक सोडवायला घ्यावा, तर दुसरा त्याच्यात अडकलेला.

आमच्या हळ्ळीखेडात समुद्र कुठल्या दिशेला आहे, हे छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मला भेटला नाही. तरी आमच्या ओसरीवर तीन वर्षं जहाज बांधणं चालू होतं. कारागीर तिघं. एक आमचे हे, मिडल स्कूलचे ड्रॉइंग मास्तर. दुसरे बसवप्पा, कापडाचे व्यापारी, दोरा-सूत त्यांच्याकडून. तिसरे बिदरचे उस्ताद, काळ्या धातूत चांदीची तार ठोकून बिदरी काम करणारे. आठवडी बाजाराला आले की आमच्याकडे मुक्काम. तिघांपैकी समुद्र कुणीही पाहिलेला नाही!

चौथी मी. माझ्याकडे काळजीचं खातं. आमची शारदा अडीच वर्षांची झाली, तरी एक अक्षर बोलत नव्हती. शारदा हे नाव मीच हट्टानं ठेवलं. आता वाटायचं, वाणीच्या देवीला ती आगाऊपणा वाटली असेल. माहेरहून आणलेल्या बालसंगोपनाच्या पुस्तकात कितव्या महिन्यात मूल काय बोलतं, त्याचा तक्ता होता. वाचून वाचून ते पान सुटं झालं.

*

जहाजातल्या दोऱ्यांची खरी नावं कुणाला येणार? ह्यांनी मोटेची नि बैलांची नावं दिली. डोलकाठी ताणून धरणारा तो नाडा, शीड फिरवणारे ते कासरे.

एकदा पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब रस्त्यानं चालले होते. आतून ह्यांचा आवाज, "डावा कासरा ओढा! अप्पा, डावा! उजवा सोडा की!" अमीनसाहेब थबकले, आत डोकावले. पाटावर हातभर जहाज आणि दोन्ही बाजूंना दोन थोराड माणसं घामाघूम!

बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "बैल कहाँ है?"

बसवप्पा हात जोडून उभे राहिले. "साहेब, आमीच!"

*

नमुना म्हणजे बिस्किटाच्या विलायती डब्याचं झाकण. त्यावर जहाजाची एकच बाजू. दुसरी बाजू कशी असेल, यावर दोन महिने वाद. शेवटी बसवप्पा वैतागले, "मास्तर, बैलाची दुसरी बाजू येगळी असती व्हय?"

पुढच्या टोकाला एक तांबूस गोल ठिपका होता. ठरलं, ही कप्तानाची खिडकी! ह्यांनी ती कोरली, उस्तादांनी तिला चांदीची कड बसवली. मला पहिल्या दिवसापासून शंका होती. पण मी सातवी पास, हे मास्तर. म्हटलं, आपलंच चुकत असेल.

कड बसली आणि त्या आठवड्यात मी भांड्यांबरोबर ते झाकणही चिंचेनं घासलं. खिडकी गेली!

हे झाकणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असू दे. गंज नेमक्या जागेवर पडला होता."

*

शिडांसाठी शारदाची जुनी दुपटी फाडली. मधल्या शिडावर पिवळट डाग राहिला, पाच पाण्यांत न गेलेला. शेजारच्या काकू निरखून म्हणतात, "नकाशा कुठल्या देशाचा गं?"

"आमच्याच," म्हटलं!

*

मला खरी भीती कप्प्यांची. हरभऱ्याच्या डाळीएवढ्या लाकडी कप्प्या, त्यांतून दोऱ्या ओवायच्या. बोलणारं मूल गप्प झालं की आईला कळतं, तोंडात काहीतरी आहे. माझी तर कायमच गप्प! मी तासातासाला तिच्या तोंडात बोट घालून बघायची.

एके दिवशी कप्पी कमी भरली. मी शारदाला उलटं धरलं, पाठीत थापट्या मारल्या, केळं कोंबलं. हे पाटाखाली, बसवप्पा चपलांत शोधताहेत. मी रडायला लागले. उस्ताद मात्र शांतपणे तार ठोकत बसलेले. ह्यांनी त्यांना गदागदा हलवलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

"क्या हुआ?"

"उस्ताद, कप्पी!"

त्यांनी कानातला अत्तराचा फाया काढला. पाठोपाठ त्याच कानातून कप्पी काढली. "सँभालके रख्या था. तुम लोगाँ कब से चिल्लारे?"

*

काकूंचं निदान असं: "घरात मराठी, कानडी, उर्दू. पोरगी कुठली घ्यावी, ह्याच्यातच अडकलीया." सासूबाईंनी गाणगापूरला नवस बोलला. मी पुस्तकाचं सुटं पान देवाच्या फोटोमागे ठेवलं.

तिघांनी मग एका दुपारी जहाज बाजूला सारून शारदाला पुढ्यात घेतलं. हे म्हणाले, "आई म्हण." बसवप्पा म्हणाले, "अव्वा म्हण." उस्ताद म्हणाले, "अम्मी बोलो, बेटा." शारदानं तिघांकडे नीट बघितलं. तोंड उघडलं. मी पुढं वाकले.

तिनं जांभई दिली.

"बोलंल की, अक्का," बसवप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले. "कामून घाई करायलाव?"

*

जहाज पाण्यात सोडायचं ठरलं, ते बसवप्पांच्या दुबलगुंडीच्या मळ्यातल्या हौदात. तीन वर्षं ह्यांनी त्या जहाजावर माशी बसू दिली नव्हती. निघताना उस्तादांनी पिशवीतून बारा बिदरी तोफा काढल्या, एकेकीवर चांदीचं फूल. "तोफाँ नइं तो जहाज कायका?" तोफा वर चढल्या.

ह्यांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून जहाज सोडलं. दोन हात ते ऐटीत गेलं. मग तोफांच्या वजनानं एका अंगावर कललं, आणि शिडांसकट खाली गेलं. बसवप्पांनी डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

"बुडली!"

मी इकडेतिकडे बघितलं. आवाज माझ्या कडेवरून आला होता.

"काय? काय म्हणालीस?"

शारदानं पाण्याकडे बोट केलं. "बुडली!"

व्याकरण चुकलं होतं. जहाज, म्हणजे 'बुडालं' हवं. सातवी पास ना मी, तेवढ्यातही सुचलंच! मग मी हसले, रडले, तिथंच भाकरीला बसलेल्या मोटकऱ्याच्या फडक्यातला गूळ घेऊन सगळ्यांच्या हातावर ठेवत सुटले.

उस्तादांचा चेहरा पडला. "भाभी, हमारा जहाज डूबा, और आप गुड बाँटरे?"

तोवर ह्यांनी बुडी मारून जहाज वर काढलं होतं. शिडं डोलकाठ्यांना चिकटलेली, दोऱ्यांतून पाणी निथळतंय, पण एकही काठी मोडली नव्हती. बसवप्पा काठावर वाकले. "कायबी झालं न्हाई, मास्तर! द्या हिकडं. तोफा काढू, वाळवू."

शारदा रिकाम्या पाण्याकडे बघत होती.

"आनिक!" ती म्हणाली.

ह्यांनी हातातल्या जहाजाकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग ते हळूच पाण्यावर ठेवलं, आणि दोन्ही तळव्यांनी खाली दाबलं.