पिकल्या केसांच्या तारा

"हात लावायचा नाही ताई, नुसतं बघायचं."

वरच्या मजल्यावरचे विमानवाले दार उघडताना आधी हे सांगायचे आणि मग 'या' म्हणायचे. मी चहा घेऊन गेले तरी तेच. एकदा मी विचारलं, "कपाला तरी हात लावू का?" त्यांनी खरंच विचार केला. म्हणाले, "कपाला लावा."

नल्लकुंट्यात आमची तीन मजली इमारत आहे. खाली मी साड्यांना फॉल-पिको करून देते. हे गृहस्थ विमानांचे भाग करणाऱ्या कारखान्यात नकाशे काढायचे. रिटायर झाले, बायको वारली, मुलगी बंगळूरला. मूळचे पुण्याकडचे, पण चाळीस वर्षं इथे काढलेली, त्यामुळे 'हो' म्हणायच्या जागी इथल्या दखनी हिंदीतलं 'हौ' म्हणायचे.

त्यांची विमानं तुम्ही पाहिलेल्या खेळण्यांसारखी नव्हती. जुन्या काळची, एकावर एक दोन पंखांची, तळहातावर मावतील एवढीच. दोन पंखांच्या मध्ये काड्या, आणि काड्यांच्या मध्ये फुल्या मारल्यासारख्या तारा. त्या तारा बांधणं हेच खरं काम. आधी आतल्या बांधायच्या, मग बाहेरच्या, नाहीतर चिमटा आत जात नाही. पंखाला सुईच्या टोकाएवढं भोक, त्यात तार, त्यावर सुईनेच गोंदाचा थेंब. मग तारेच्या दुसऱ्या टोकाला कपड्यांचा चिमटा लटकवायचा, म्हणजे गोंद सुकेपर्यंत तार ताठ राहते.

"फुलीतली एक तार उडताना भार घेते," ते सांगायचे. "विमान खाली उतरलं की दुसरी."

"म्हणजे एकीला सुट्टी?"

"हौ."

"आमच्या घरात दोन्ही तारा मीच होते," मी म्हटलं. त्यावर त्यांनी पुढची तार उचलली. शहाणा माणूस.

तार कशाची करायची हा त्यांचा मोठा घोर. बेगम बाजारातून नायलॉनचा धागा आणला, तो चमकला. माझ्याकडून शिलाईचा दोरा नेला, तो भिंगातून बघून परत आणला. "ताई, तुमच्या दोऱ्याला लव आहे." तीस वर्षं त्या दोऱ्याने लोकांच्या साड्या शिवल्या, कुणाला लव दिसली नव्हती.

आमच्याकडे केसवाली येते. विंचरून निघालेले केस आपण गुंडाळून ठेवायचे, ती ते घेते आणि बदल्यात स्टीलचं भांडं देते. एकदा मी तिला माझं गुंतवळ देत होते, तेवढ्यात विमानवाले जिना उतरत आले आणि मध्येच थांबले. माझे केस तेव्हाच पांढरेशुभ्र झाले होते. एक केस उचलून त्यांनी उजेडात धरला.

"ताई, ती वाटी देते ना? मी डबा देतो. झाकणाचा."

मी डबा घेतला. त्यात लाजण्यासारखं काय होतं?

पहिल्या विमानाला त्यांनी माझ्या केसांच्या बारा तारा लावल्या. दुसऱ्या सकाळी बाराच्या बारा सुटून लोंबत होत्या. ते खाली आले.

"ताई, तेल लावता?"

"जन्मभर लावते."

"तेलावर गोंद धरत नाही. धुऊन द्याल?"

"केस की डोकं?"

"डोकंच धुवा. शिकेकाईनं."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी जिन्यावरून मोठ्याने विचारायचे, "ताई, डोकं धुतलं का?" घरमालकीण तेलुगू, पण तेवढं मराठी तिला कळायचं. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "क्या कामां चल रे ये?" मी म्हटलं, विमान का काम है. दोन दिवस तिने पाण्याची मोटर कधी चालू करणार तेही मला सांगितलं नाही.

केसवालीही रुसली. "अम्मा, बालां कां जारे तुम्हारे?"

"विमान में."

"मेरे बालां भी विमान में जाते अम्मा, फॉरेन कू," ती म्हणाली आणि टोपली उचलून चालती झाली.

धुतलेल्या केसांनी ऐन पावसाळ्यात पुन्हा बांधलेल्या त्या पहिल्या विमानाचे पंख चैत्रात वाकले. तेव्हा त्यांना कळलं की केस दमट हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. दुसऱ्या कुणी ते विमान फेकलं असतं. हे आठवडाभर खूश होते.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. मुलगी म्हणाली, दसऱ्यानंतर न्यायला येते. ते म्हणाले, "एवढं एक बांधून होऊ दे." टेबलावर शेवटचं विमान होतं. सोळा तारांचं. श्रावण लागेपर्यंत सात झाल्या. आठवी बांधताना हातातला चिमटा पंखात घुसला. मी चहा घेऊन गेले तर ते हात मांडीखाली दाबून बसलेले. 'नुसतं बघायचं' हेसुद्धा म्हणाले नाहीत. चार दिवस तसेच.

पाचव्या दिवशी म्हणाले, "ताई, हात लावा."

मी चष्मा पुसला आणि बसले. उरलेल्या नऊ तारा मी बांधल्या. रोज एक, कारण माझेही डोळे काही तरुण नाहीत. ते शेजारी बसून चुका काढायचे. "ओढू नका. ब्लाउज नाही हे."

"अहो भाऊ, ही तार आहे की कपडे वाळत घालायची दोरी? झोळ बघा."

"झोळ राहू द्या. पावसाळा आहे. चैत्रात आपोआप ताणेल."

"आणि नाही ताणली तर?"

"तर तुम्ही मला शिव्या द्या. फोन आहे ना."

दसरा झाला, मुलगी आली. गाडीच्या धक्क्यांनी केस तुटतील म्हणून ते विमान त्यांनी माझ्या कपाटावर ठेवलं. हवा अजून दमटच होती, झोळ तसाच. बांधलेलं विमान ताठ झालेलं न बघताच ते गेले. जाताना म्हणाले, "हात लावायचा नाही."

चैत्रात एक दिवस फॉल लावता लावता मान वर केली तर सोळाही तारा ताठ. पंख सरळ. मी शिव्या द्यायला फोन लावणार होते, शिव्या राहिल्याच, फोन मात्र लावला. मुलीने फोन त्यांच्या कानाला धरला. त्यांचं बोलणं तोवर जड झालं होतं.

"ताणल्या," मी सांगितलं. "सगळ्या."

त्यांनी विचारलं, "हात लावला का?"

"नाही."

"हौ," ते म्हणाले.

आषाढात मुलीचा फोन आला, सकाळी गेले म्हणून. मी मशीन बंद केलं आणि कपाटाकडे बघितलं. तारा ढिल्या पडल्या होत्या. पावसात पडतातच.